पोहता येतं, पण चार हातांत दम लागतो?



गटाच्या बैठकीत "पोहता कुणाकुणाला येतं?" असं विचारलं की आधी सगळ्या एकमेकींकडे बघून हसतात. मग एकेक हात वर यायला लागतो. मावश्यांचे हात जास्त, नव्या सुनांचे कमी. कुणी पाठीला सुका भोपळा बांधून शिकलेली असते, कुणी तेलाचा रिकामा डबा बांधून, कुणी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर. कुणाला भावाने सरळ काठावरून ढकलून दिलेलं असतं. माहेरच्या विहिरीत उन्हाळाभर पोहायचं आणि लग्न झालं की बंद. सासरी कोण विहिरीत उतरू देतंय! मधे वीस-पंचवीस वर्षं जातात. पोहणं विसरत नाही म्हणतात ते खरं आहे. पण हात वर करणाऱ्या बहुतेक जणी पुढचं वाक्यही लगेच बोलतात, "येतं हो ताई, पण चार हात मारले की दम लागतो."

हा लेख त्या चार हातांबद्दल आहे.

आत्ताच का, तर आपल्यातल्या काही गटांनी मत्स्यपालनासाठी गावतळी आणि शेततळी घेतली आहेत. खाद्य टाकायचं, जाळं ओढायचं, पाण्यावर लक्ष ठेवायचं, म्हणजे रोज काठावर काम. तिथे "थोडंफार येतं" पुरत नाही. शेततळ्यात पाय घसरला तर काठ जवळ दिसतो, पण त्या कागदावरून वर चढता येत नाही. शेवाळ धरलेला ओला कागद म्हणजे तेल लावलेली घसरगुंडी. बाहेरून कुणी येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं न दमता पाण्यावर राहता आलं पाहिजे. चार हातांत दमणाऱ्या बाईला ते जमत नाही.

आता पहिली गोष्ट, दम लागतो तो वय झालं म्हणून नाही आणि अंगात ताकद नाही म्हणूनही नाही. डोक्यावर हंडा आणि कडेवर कळशी घेऊन टेकाड चढणाऱ्या बाईला ताकद कमी कशी असेल? धान्याचं पोतं हलवता येत नाही असा बारका पोरगा विहिरीच्या दहा फेऱ्या मारतो आणि आपण एकीत गार होतो. फरक ताकदीचा नाही, पद्धतीचा आहे. पद्धत चाळिशीत बदलता येते, पन्नाशीतही येते.

दम कशाने लागतो?

विहिरीत शिकलेल्या आपल्यातल्या जवळजवळ सगळ्या जणी डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहतात. नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून. आणि श्वास? तो धरून ठेवतात. छातीत गच्च. मग दोन-तीन हात मारले की घाईघाईत तोंड उघडून जुना श्वास बाहेर टाकायचा आणि नवीन आत ओढायचा, दोन्ही एका क्षणात. जुना पूर्ण बाहेर जात नाही, म्हणून नवीन पूर्ण आत येत नाही. असं चार वेळा झालं की धाप लागते.

इथे एक गंमत समजून घ्या. श्वास कोंडला की जीव घाबरा होतो तो सुरुवातीला प्राणवायू संपल्यामुळे नसतो. शरीरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, तो साठतो, आणि मेंदू "श्वास घे, श्वास घे" म्हणून ओरडायला लागतो. म्हणजे पाण्यात आपल्याला घेणं नाही, सोडणं जमत नाही. सोडणं जमलं की घेणं आपोआप होतं.

दक्षिण कोरियात जेजू नावाचं बेट आहे. तिथल्या 'हेन्यो' नावाच्या बायका प्राणवायूची टाकी न घेता समुद्रात साधारण दहा मीटरपर्यंत बुडी मारतात आणि शिंपले, समुद्री वनस्पती काढून आणतात. आज त्यांच्यातल्या बहुतेक साठीच्या पुढच्या आहेत. आपल्यासारखंच त्यांचंही गावोगावी सहकारी काम चालतं, आणि २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद घेतली. पाण्यावर आल्या की त्या शिट्टीसारखा आवाज काढत श्वास सोडतात. त्या आवाजाला त्यांच्या भाषेत नावच आहे, 'सुम्बिसोरी'. त्या वर येऊन सोडतात, आपल्याला तो पाण्यातच सोडायचा आहे. पण क्रम तोच, आधी सोडायचा, मग घ्यायचा.

डोकं वर, की पाय खाली

दुसरं कारण डोकं. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते पाण्यात असतं तोवर त्याचा भार पाणी उचलतं. बाहेर काढलं की तो सगळा भार मानेवर, खांद्यांवर आणि हातांवर येतो. शिवाय पाण्यात आपलं शरीर तराजूसारखं वागतं. छातीत हवा असते म्हणून मध्य तिथे. डोक्याकडचं पारडं वर उचललं की पायाकडचं खाली जातं. मग आपण आडव्या न राहता तिरक्या होतो, जवळजवळ उभ्या. आडवी फळी पाण्यातून ओढणं सोपं, उभी फळी ओढणं किती जड ते करून बघा. निम्मी ताकद पुढे जाण्यात नाही, नुसतं वर राहण्यात खर्च होते.

एक चांगली बातमी. बायकांच्या शरीरात, विशेषतः कमरेला आणि मांड्यांना, पुरुषांपेक्षा चरबी जास्त असते आणि चरबी पाण्यावर तरंगते. आरशासमोर ज्याचा राग येतो तेच इथे कामाला येतं. तोंड पाण्यात घातलं की आपले पाय पुरुषांच्या मानाने सहज वर येतात.

घरी बादलीपासून सुरुवात

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि यासाठी विहीरही लागत नाही. ज्यांना अजिबात पोहता येत नाही त्यांनीही इथूनच सुरुवात करावी.

मोठी बादली किंवा टब काठोकाठ भरा. समोर पाटावर बसा. तोंडाने श्वास घ्या, चेहरा कपाळापर्यंत पाण्यात घाला आणि नाकाने 'म्म्म्म' असा गुणगुणल्यासारखा आवाज काढा. आवाज येतोय तोवर नाकातून हवा बाहेर येतेय आणि हवा बाहेर येतेय तोवर पाणी आत जाऊ शकत नाही. नाकात पाणी जाण्याची भीती इथेच मोडते. बुडबुडे एकदम भसकन नाही, सावकाश, एकसारखे. संपत आले की चेहरा वर, तोंडाने श्वास, परत आत. दहा वेळा. पाणी पुसायला हात वर नेऊ नका. सुरुवातीला डोळे मिटतील, मग पाण्यात उघडून बादलीचा तळ बघायचा प्रयत्न करा. आठवडाभर रोज केलं की घरातली मंडळी हसतील, त्यांना हसू द्या.

"पण ताई, श्वास सोडला तर बुडेन ना?" हा प्रश्न हमखास येतो. बरोबर आहे, छातीतली हवा कमी झाली की शरीर थोडं खाली जातं. पण थोडंच. कितीही श्वास सोडला तरी फुप्फुसात लिटरभराच्या आसपास हवा उरतेच, ती बाहेर निघतच नाही. आणि पुढचा श्वास घेतला की आपण पुन्हा वर.

एक मात्र करू नका. पाण्यात जाण्याआधी भराभर खोल श्वास घेऊन मग 'कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतं' अशी पैज लावू नका, पोरांनाही लावू देऊ नका. भराभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड इतका कमी होतो की मेंदूची धोक्याची घंटा वाजतच नाही आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होतो. पट्टीचे पोहणारे असे गेले आहेत.

पाण्यात उतरल्यावर

ही तयारी छातीएवढ्या पाण्यात करायची, जिथे पाय टेकतात. तालुक्याच्या गावी पोहण्याचा तलाव असेल तर उत्तम. बऱ्याच ठिकाणी बायकांची वेगळी वेळ असते, चौघी-पाच जणींनी मिळून चौकशी केली तर मिळतेही. पायऱ्यांची विहीर असेल तर पाण्याखालच्या पायरीवर उभं राहून सुरुवातीचे प्रकार होतात. शेततळ्यात सराव अजिबात नको. नदीच्या डोहात नको.

आधी नुसतं तरंगायचं. श्वास घ्या, चेहरा पाण्यात, नजर सरळ तळाकडे, हात पुढे सैल, पाय सैल. पाय आपोआप वर येतात की नाही ते बघा. येत नसतील तर बहुतेक वेळा मान ताठ असते. मान सोडा, पुढे बघू नका, खाली बघा. मग भिंतीला पायाने रेटा देऊन बाणासारखं पुढे घसरत जा, हात-पाय काहीही न हलवता, बुडबुडे सोडत. किती लांब जाता ते बघून तुमचं तुम्हालाच नवल वाटेल. हात न मारता एवढं जाता येतं, मग इतकी वर्षं आपण कशाला झटत होतो!

मग उताणं तरंगणं. कान पाण्यात बुडू द्या. बहुतेक जणी इथेच डोकं उचलतात आणि कंबर खाली जाते. पोट आभाळाकडे, हात बाजूला पसरलेले, हनुवटी किंचित वर. छाती जमेल तितकी भरलेली ठेवा, श्वास पटकन सोडून पटकन घ्या. काही जणींचे पाय तरीही खाली लोंबतात, चालेल, तोंड बाहेर आहे ना? हा प्रकार पाठ झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाण्यात पडायची वेळ आली तर तुम्ही साडीत असणार आहात. ओली पाचवारी पायांना गुंडाळते, तेव्हा पाय मारणं विसरा. (नऊवारीच्या काष्ट्यात पाय तरी मोकळे राहतात, आजीच्या पिढीला हे बरोबर कळलं होतं.) साडीत अडकलेल्या बाईला उताणं पडून, हाताच्या तळव्यांनी कमरेजवळ पाणी हळूहळू हलवत थांबता येतं. ओरडायलाही तोंड मोकळं राहतं.

कुशीवर वळून श्वास

आता खरा पोहण्याचा हात. श्वासासाठी डोकं वर उचलायचं नाही, वळवायचं. आणि फक्त मानही वळवायची नाही, खांदा आणि कंबर मिळून सगळं अंग थोडं कुशीवर वळतं, डोकं त्याच्याबरोबर जातं. उशीवर डोकं ठेवून कुशीवर झोपतो तसं. एक कान पाण्यात, एक बाहेर. पाण्यातला कान बाहेर आला की समजा डोकं उचललं गेलं. पुढे सरकताना डोक्यामागे पाण्यात छोटी खळगी तयार होते, तोंड त्या खळगीत येतं, म्हणून जास्त वर यायची गरजच नसते.

तोंड बाहेर येईपर्यंत श्वास सोडून झालेला असला पाहिजे. बाहेर फक्त घ्यायचा. लगेच चेहरा परत खाली आणि बुडबुडे सुरू. पहिले काही दिवस पाणी तोंडात जाईल. थुंकायचं आणि परत करायचं. भिंतीची कड एका हाताने धरून नुसता हा वळायचा सराव करा, हात मारायची घाई नको. बहुतेक जणी हाच टप्पा गाळतात आणि परत डोकं वर काढून पोहायला लागतात.

हात आणि पाय

यावर थोडक्यात सांगते, कारण श्वास बसला की अर्धे दोष आपोआप जातात.

हात पाण्यावर आपटायचा नाही. आपण भाकरी थापत नाही आहोत. हात खांद्याच्या समोर, बोटांनी अलगद आत शिरू द्या आणि पुढे लांबवा. मग कोपर वर ठेवून, तळवा आणि पुढचा हात मिळून पाणी मागे लोटा, मांडीपर्यंत. अंगणात साचलेलं पाणी खराट्याने मागे लोटतो तसं. पाणी खाली दाबलं तर फक्त डोकं वर येतं, आपण पुढे जात नाही. एक हात पूर्ण पुढे लांबवल्यावर क्षणभर त्यावर घसरत जा, मग दुसरा. घाई केली की दम परत आलाच.

खांदा आखडलेला असेल, चाळिशीनंतर तो पुष्कळ जणींचा असतो, तर आधी काठावर पाच मिनिटं हात फिरवून घ्या. तरी दुखला तर त्या दिवशी थांबा.

पाय कमरेपासून हलतात, गुडघ्यापासून नाही. सायकल चालवल्यासारखे गुडघे दुमडले की मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि आपण जागच्या जागी राहतो. घोटे सैल हवेत. ज्यांचे घोटे कडक आहेत त्यांनी घरी रोज दोन मिनिटं वज्रासनात बसावं, पायाचा वरचा भाग ताणला जातो. गुडघे दुखत असतील तर राहू द्या.

काही जणी विचारतात, आम्ही बेडकासारखं पोहतो ते वाईट का? मुळीच नाही. १८७५ मध्ये मॅथ्यू वेब हा माणूस इंग्लिश खाडी पोहून गेला तो बेडकासारखंच पोहत, जवळजवळ बावीस तास. कोलकात्याची आरती साहा १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात उतरली होती, आणि १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई स्त्री ठरली. लांब पल्ल्याला आणि समोर बघत जायला हा प्रकार चांगलाच. फक्त तिथेही नियम तोच, हात पुढे लांबवताना चेहरा पाण्यात आणि श्वास सोडत, हात ओढताना वर येऊन घेत. एक ओढ झाली की घसरत जा, लगेच दुसरी नको. गुडघ्याचं दुखणं असेल तर मात्र या प्रकारात पाय जपून.

कपडे, सोबत आणि दोर

सरावासाठी अंगालगतची लेगिंग्ज आणि अंगालगतचा टी-शर्ट, शक्यतो नायलॉनचा. सुती कपडा पाणी पितो आणि जड होतो. सलवार आणि परकर नको. तलावावर टोपी आणि पोहण्याचा पोशाख मागतात, पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचाही मिळतो. लाज वाटते हे मला समजतं. म्हणूनच एकटीने नाही, चौघींनी मिळून जायचं म्हणते.

आकडी येणाऱ्या, हृदयाचा त्रास असलेल्या, किंवा बीपी आवाक्यात नसलेल्या ताईंनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. कान वाहत असेल तर बरा होईपर्यंत थांबा. आणि कितीही छान येत असलं तरी एकटीने उतरायचं नाही. काठावर एक जण हवीच, मोबाईल बघत बसलेली नाही, पाण्याकडे बघत बसलेली.

कुणी बुडताना दिसलं तर पोहता येतं म्हणून लगेच उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात. आधी झाकण घट्ट लावलेला रिकामा वीस लिटरचा कॅन त्याच्याकडे टाका, त्यावर मोठं माणूस आरामात तरंगतं. नाहीतर दोर, नाहीतर अंगावरची साडी. ओढताना स्वतः काठावर पालथं झोपा, नाहीतर तुम्हीच आत जाल.

मत्स्यपालन करणाऱ्या गटांनी शेततळ्याच्या चारही बाजूंना जाड नायलॉनचा दोर बांधावा, एक टोक कुंपणाच्या भक्कम खांबाला आणि दुसरं पाण्यात खोलवर सोडलेलं. दर फुटावर एक गाठ मारा, ओल्या हाताला नुसता दोर धरवत नाही. दोन रिकामे कॅन दोराला बांधून काठावर ठेवा. ते कुणी पाणी भरायला नेणार नाही यासाठी त्यांवर लाल रंगाचा पट्टा मारा. दोर आणि कॅनचा खर्च या महिन्याच्या बैठकीत ठराव करून खाद्याच्या खर्चाबरोबरच लिहा, आणि दोर उन्हाने कुजतो म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी ओढून बघा.